जपानला ट्रेनिंगला जाताय ते ठीक, पण कुटुंबासकट?

सलाम बंधू. तुमचा प्रश्न वाचला. जालन्याच्या संस्थेकडून जपानमधल्या एशियन रुरल इन्स्टिट्यूट या ग्रामीण प्रशिक्षण संस्थेला तुमची निवड झालीय, एप्रिलमध्ये निघायचंय, आणि कोर्स झाला की बायकोला आणि चार वर्षांच्या मुलाला तिकडंच बोलावून स्थायिक व्हावं का, असं विचारलंय. व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे हे सगळं इन्स्टिट्यूटवालेच कळवतात, त्यात मी पडत नाही.

आधी सरळच सांगतो. ती जागा परदेशात स्थायिक व्हायची शिडी नाही. तोशिहिरो ताकामी नावाच्या ख्रिस्ती पाळकांनी १९७३ मध्ये तोचिगी प्रांतात, निशिनासुनोला ती उभी केली, ती गावात काम करणाऱ्यांनी शिकावं आणि आपल्या गावी परत जावं यासाठी. एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने. डिग्री नाही. तुमची संस्था तुम्हाला पाठवतेय तीही याच बोलीवर. आता हे मी सांगावं म्हणजे गंमतच. मीही तिथंच शिकून परत गेलो, नगरकडं काही वर्षं काम केलं, आणि मग नोकरी धरून बायको-पोरीला घेऊन पुन्हा जपानलाच आलो. आता दुसऱ्या प्रांतात असतो. आमच्या तिकडच्या चर्चच्या मंडळीतली म्हातारी माणसं फोनवर अजून विचारतात, "ट्रेनिंग संपलं का रे?" मी पावसापाण्याचं विचारतो.

नऊ महिने मात्र जा, डोळे झाकून जा. सकाळी न्याहारीच्या आधी शेतात, नाहीतर कोंबड्या-डुकरांत. याला तिथं 'फूडलाइफ' म्हणतात. आपल्याकडं पुढारी म्हटलं की खुर्ची, हार आणि माइक. तिथं शिकवणारेसुद्धा आपल्या पाळीला भांडी विसळतात. सकाळच्या सभेत बोलायची पाळी प्रत्येकाची, मग इंग्रजी कितीही मोडकी असो. बोकाशी नावाचं खत करतात: कोंडा, पेंड, कोंबडखत, माती कालवून आंबवायचं. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, चटका बसला की ढीग उलथायचा. आफ्रिकेतला एक पाळक आणि मी यावरून कडाक्याचे भांडलो, आणि संध्याकाळी एकाच टेबलावर जेवायला बसलो, कारण दुसरीकडं जेवायला जागाच नव्हती. नेतृत्वाचं शिक्षण म्हणाल तर मला ते तिथं मिळालं, वर्गात कमी.

एकटेपणाचं विचारलंत. त्या नऊ महिन्यांत वेळच मिळत नाही. पुढे मिळतो, त्याचीही सवय होते.

कुटुंब आणायचं झालं की कागद. आपली तीन पदरी नावं इथल्या कुठल्याच रकान्यात मावत नाहीत. माझ्या रहिवासी कार्डावर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं, सगळं रोमन लिपीत. विम्याच्या कार्डावर वडिलांचं नाव गळालं. एका बँकेनं काताकाना या जपानी लिपीत लिहिताना ते अर्ध्यातच तोडलं, आणि मग पगार जमा होईना, कारण नाव जुळत नाही. खिडकीवरची बाई कंबरेत वाकून माफी मागते, हसतमुखानं तोच फॉर्म पुन्हा देते. आपल्या तहसीलमध्ये निदान ओरडता तरी येतं.

पण खरं सांगायचंय ते शाळेचं. परदेशी मुलांना इथं शाळेची सक्ती नाही. पालकांनी अर्ज केला तर सरकारी शाळा फी न घेता घेते, आणि वयाप्रमाणे वर्ग देते. आमची पोर आली तेव्हा सात वर्षांची, म्हणून थेट दुसरीत. पहिलीची ८० कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, तिला येत नव्हती, दुसरीची १६० समोर उभी. पाठीवरचं दप्तर, रांदोसेरू, नवं घ्यायला ५०-६० हजार येन. आम्हाला मंडळीतल्या एका आजींनी नातीचं दिलं. रोज एक वही घरी येते, त्यात बाईंनी लिहिलेलं वाचून शिक्का मारायचा. एकदा लिहून आलं, झोकिन पाठवा. झोकिन म्हणजे फरशी पुसायचं शिवलेलं फडकं, मुलंच वर्ग पुसतात. आमच्या हिनं इस्त्रीचा हातरुमाल पाठवला. पोरीनं त्यानंच फरशी पुसली आणि घरी काही बोलली नाही.

शाळेतही ती बोलत नव्हती. पाच-सहा महिन्यांनी वर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की हिला विशेष साहाय्याच्या वर्गात घालू, आणि घरी शक्यतो जपानीच बोला. म्हणजे भाषा येत नाही याला बुद्धी कमी असं नाव दिलं, तेही गोड आवाजात, चहा देऊन. जी पोर नगरला संडे स्कूलमध्ये वचनं घडाघडा म्हणायची, तिच्याबद्दल हे! आम्ही सही केली नाही. आता ती वर्गात बरी आहे, जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलते, त्या बाईंची आठवणही तिला नसेल. मला मात्र ती खोली, तो गोल टेबल, सगळं आठवतं.

आणि रविवार. इथं ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास, आमच्या उपासनेला डझनभर माणसं, बहुतेक सत्तरीची. प्रेमळ आहेत, पण प्रार्थनेत कोणी मोठ्यानं आमेनसुद्धा म्हणत नाही. मराठी माणसं भेटतात ती गणपतीला. मी जातो, मोदक खातो, आरतीला मागे उभा राहतो. कोणी काही म्हणत नाही, पण 'तुमचं आडनाव काय' नंतर जरा थांबतात. वर मी लिहिलं की सवय होते. होते, पण रविवार सोडून.

मुक्कामाचं आत्ता ठरवू नका. जपानी भाषा एन-टू परीक्षेइतकी (पाच पातळ्यांत वरून दुसरी) आल्याशिवाय बरी नोकरी मिळणं अवघड, आणि ती नऊ महिन्यांत येत नाही. इन्स्टिट्यूटचा कारभार इंग्रजीत चालतो. निघण्याआधी संस्थेकडून एक गोष्ट मात्र लेखी घ्या: तुम्ही नसताना घरी पगार किती आणि कोणत्या तारखेला. मी गेलो तेव्हा माझ्या बायकोनं अर्ध्या पगारात सासू-सासरे आणि पोर सांभाळली, आणि फोनवर रोज 'सगळं बरं आहे' म्हणाली. तुमच्या प्रश्नात तुमच्या बायकोचं मत कुठंच नव्हतं. ते विचारून घ्या आणि मग पुन्हा लिहा.