काउंटीला कोटा नसतो, काउंटी ही फूटपट्टी असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या शेती अनुदानाचा काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नकाशा पाहिला, त्यात एक काउंटी गडद आणि तिला चिकटलेली दुसरी फिकट. मग हा पैसा काउंटीला कोटा ठरवून वाटतात का, आणि ज्याचं राजकीय वजन जास्त त्याला जास्त मिळतो का? वर दोघातिघांनी 'लॉबी' एवढं एका शब्दात उत्तर दिलंय. लॉबी आहेच, पण ती वॉशिंग्टनमध्ये, कायदा लिहिला जातो तेव्हा. तुमच्या नकाशातल्या फरकाचं कारण बरंचसं वेगळं आहे. आयोवात धान्यखरेदीच्या हिशेबात माझी सतरा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काउंटीच्या नावावर पैसा येत नाही. तो शेतकऱ्याच्या नावावर येतो, आणि तोही 'बेस एकर'वर. यंदा तुम्ही काय पेरलं ते बेस एकर सांगत नाहीत. पूर्वीच्या काही ठरावीक वर्षांत त्या जमिनीत काय होतं, त्यावरून कागदावर चढलेले ते एकर असतात. एक मोठा फेरफार २०१४ च्या कायद्याने झाला, तेव्हा २००९ ते २०१२ चा पेरा पाहिला होता. म्हणजे कागदावर गहू आणि रानात सोयाबीन, तरी हिशेब गव्हाचाच. मका, सोयाबीन, गहू, भात, कापूस, भुईमूग अशा मोजक्या पिकांनाच बेस मिळतो. कॅलिफोर्नियातली माँटेरे काउंटी वर्षाला ४ अब्ज डॉलरच्या वर शेतमाल काढते, पण तो लेट्यूस, स्ट्रॉबेरी असला. या अनुदानाच्या नकाशावर ती फिकटच दिसणार. उलट जॉर्जियाच्या नैर्ऋत्येकडच्या भुईमुगाच्या काउंट्या ठळक दिसतात, कारण भुईमुगाचा संदर्भभाव (कायद्याने ठरवलेला आधारभाव) चढा आहे आणि त्याच्या अनुदानाची माणशी कमाल मर्यादाही इतर पिकांपासून वेगळी मोजतात. इथे मात्र लॉबीवाल्यांचं म्हणणं मला पटतं.

आता चिकटलेल्या दोन काउंट्यांतला फरक. २०१४ पासून दोन मुख्य योजना आहेत. पीएलसीमध्ये (भाव पडल्याची भरपाई) देशाचा सरासरी भाव संदर्भभावाखाली गेला की फरक मिळतो, तिथे काउंटीचा संबंध नाही. दुसरी एआरसी (उत्पन्न घटल्याची भरपाई), आणि सगळी गंमत तिच्यात आहे. तिच्यात भाव देशाचा धरतात, पण उत्पादन काउंटीच्या सरासरीचं. आपल्याकडे पीकविम्याला महसूल मंडळ धरतात, तशी इथे काउंटी.

हिशेब करून दाखवतो, आकडे समजण्यापुरते घेतलेत. मक्याची काउंटीची पाच वर्षांची सरासरी (सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष सोडून) एकरी २०० बुशेल. मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५ किलो. भाव ४ डॉलर, म्हणजे एकरी ८०० डॉलर. हमी आधी ८६ टक्क्यांची होती, २०२५ च्या पिकापासून ९० टक्के, म्हणजे ७२० डॉलर. यंदा काउंटीची सरासरी १८० वर आली आणि भाव ३.६० झाला, तर उत्पन्न ६४८. तूट ७२ डॉलर. ती बेस एकरांच्या ८५ टक्क्यांवरच देतात, म्हणून बेस एकरामागे ६१ डॉलर २० सेंट. आता रस्त्यापलीकडची काउंटी घ्या. तिथे पाऊस वेळेवर झाला, सरासरी २०० च राहिली. २०० गुणिले ३.६० बरोबर ७२०. हमीएवढंच, म्हणून अनुदान शून्य.

मुरमाचा रस्ता हीच काउंटीची हद्द असेल, तर समोरासमोरच्या दोन शेतकऱ्यांत एकाला रक्कम आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होतं. मी ते होताना पाहिलंय, आणि त्या वर्षी धान्यखरेदी केंद्रावर कॉफी पिताना दोघं एका टेबलावर बसायचे नाहीत. त्यातही मेख अशी की ज्याचं रान गारपिटीने झोपलं त्याची काउंटी एकूण बरी पिकली असेल, तर एआरसीतून त्याला छदाम मिळत नाही. पैसाही पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात येतो. तोवर बँकवाला थांबत नाही.

फूटपट्टी किती वाकडी असू शकते ते २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. चीनशी व्यापारयुद्ध सुरू होतं, सरकारने भरपाई जाहीर केली आणि दर काउंटीनुसार ठरवले: एकरी १५ ते १५० डॉलर. एका काउंटीत योजनेतल्या पिकांना एकच दर, तुम्ही मका लावा नाहीतर कापूस. दर ठरला त्या काउंटीत पूर्वी कोणती पिकं किती होती त्यावरून. त्यामुळे कापूसपट्ट्यातल्या मकावाल्याची चंगळ झाली, आणि आमच्याकडचे मकावाले चिडले.

काउंटीच्या आकाराचाही घोळ आहे. आयोवात ९९ काउंट्या आहेत, एकेक आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. नेब्रास्कातली चेरी काउंटी मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही थोडी मोठी. चाऱ्याच्या दुष्काळी मदतीला दर गुरुवारी निघणारा दुष्काळ नकाशा पाहतात, आणि काउंटीच्या कुठल्याही भागात ठरलेल्या तीव्रतेचा दुष्काळ आला की अख्खी काउंटी पात्र होते. मोठ्या काउंटीला हे फळतं, हे उघडच आहे.

कोटा म्हणावा असा एकच नियम मला ठाऊक आहे, जमीन पडीक ठेवण्याच्या योजनेतला: काउंटीच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी साधारणपणे २५ टक्क्यांहून जास्त तिच्यात घेत नाहीत.

काउंटी समितीबद्दलही, म्हणजे या योजना काउंटीत राबवणाऱ्या स्थानिक समितीबद्दल, तुम्ही विचारलंय. ३ ते ११ सदस्य असतात, शेतकरीच निवडून देतात. सूत्र त्यांच्या हातात नाही, पण कोण पात्र, कोणाचा अर्ज अडला, तक्रार ऐकायची की नाही, यात त्यांचं चालतं. दक्षिणेत या गोऱ्या समित्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कर्जं आणि अर्ज वर्षानुवर्षं रखडवले. पिगफर्ड खटल्यात १९९९ साली तडजोड झाली आणि सरकारला सुमारे १ अब्ज डॉलर मोजावे लागले. 'काउंटीत राजकारण नाही' असं म्हणूनच मी म्हणणार नाही.

नकाशा वाचताना दोन गोष्टी तपासा. एक, रक्कम शेताच्या जागी दाखवलीय की घेणाऱ्याच्या पत्त्यावर. पत्त्यावर असेल तर शिकागोतही 'शेतकरी' सापडतील, जमीन वाट्याने दिलेले मालक. आणि दुसरं, पीकविमा धरलाय का. विम्याच्या हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांहून जास्त भाग सरकार भरतं. त्याला एआरसी-पीएलसीसारखी माणशी मर्यादा नाही, आणि कोणाला किती मिळाले ती नावं जाहीरच होत नाहीत. तुमच्या नकाशात विमा नसेल, तर त्यातली फिकट काउंटी खरोखर फिकट आहे का, हे त्या नकाशावरून कळणार नाही.