तारीख सांगा किंवा बंदर सांगा, दोन्ही नको

आई-बाबांना ग्रीसमध्ये तुमच्या बोटीवर राहायला बोलावताय, छानच. पण जुलै-ऑगस्टची तिकिटं काढण्याआधी मेल्टेमीचा विचार करा. एजियन समुद्रातला हा उत्तरेचा वारा एकदा सुटला की कित्येक दिवस थांबत नाही. 'शुक्रवारी पारोस बेटावर भेटू' असा शब्द दिलात, तर तो पाळायला नको त्या हवेत बोट बाहेर काढाल. त्यापेक्षा तुम्ही जिथे असाल तिथे पाहुण्यांनी फेरीबोटीने यावं.

पहिल्या खेपेला सरोनिक आखातच बरं. एजिना, पोरोस ही तिथली बेटं अथेन्सपासून जवळ. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरीबोट मिळते, वाराही सहसा सौम्य. हिद्रा बेट सुंदर आहे, पण बंदर चिमुकलं, नांगरांच्या साखळ्या एकमेकींत अडकतात.

बॅगा कापडी, घडी होणाऱ्याच आणायला सांगा. कडक सुटकेस ठेवायला बोटीवर जागाच नसते.

आणि संडास! आल्या आल्या स्वतः फ्लशचा पंप मारून दाखवा, कागद डब्यात टाकायचा हेही स्पष्ट सांगा. माझ्या सासूबाई संकोचापायी दोन दिवस पाणीच कमी प्यायल्या. भर उन्हात. तिसऱ्या दिवशी त्यांचे कोरडे ओठ पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता मी चहाच्याही आधी हे दाखवते.

पहिल्या दिवशी दोन तासांहून जास्त प्रवास नको. मळमळणाऱ्याला खाली केबिनमध्ये झोपायला पाठवू नका. वर वाऱ्यावर बसवा, नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. दुपारी शांत खाडीत नांगर टाका आणि गरम पोहे करा.