पारंपरिक, हंगामी आणि अख्खं अन्न खाल्ल्याने तब्येत खरंच सुधारते का? सगळं एकदम बदलू का? वजन आणि थकव्यावरही याचा उपयोग होईल का?

फरक पडतो, हे आधीच सांगतो. पण सगळं एकदम बदलू नका. मी तो शहाणपणा केला होता. एका सोमवारपासून पांढरं पीठ बंद, पाकिटातलं बंद आणि दोन्ही वेळा वाडगाभर कडधान्य. आठवडाभर पोटाचा नगारा झाला होता. आतड्यातल्या जिवाणूंना एवढ्या तंतूंची (फायबरची) सवय नसते, ती लागायला काही आठवडे जातात. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षं हे स्वतःवर करून पाहिलंय आणि त्याबद्दल बरंच वाचलंय, तेवढ्यावर लिहितोय.

तुमच्या प्रश्नात तीन शब्द आहेत, आणि तिघांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात वजनदार 'अख्खं'. गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के आतला पिठूळ भाग असतो, १४-१५ टक्के कोंडा आणि जेमतेम अडीच टक्के अंकुर. तंतू बहुतेक कोंड्यात, तेल आणि ई जीवनसत्त्व अंकुरात, बी गटातली बरीचशी जीवनसत्त्वं या दोघांत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि हे दोन्ही भाग सफाईने वेगळे काढता यायला लागले. गिरणीवाल्याला अंकुर नकोच असतो, त्यातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं. अख्ख्या दाण्याच्या पिठाचा एक डबा मी मागे पडला म्हणून विसरलो होतो. झाकण काढलं तर जुन्या ऑइलपेंटसारखा भपकारा आला. पांढऱ्या पिठाने असा दगा कधी दिला नव्हता, कारण त्यात खराब होण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं!

तांदळाचं तेच. १८९० च्या दशकात जावामध्ये ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांना दिसलं, की पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लटपटतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा नीट चालतात. माणसांतल्या बेरीबेरी या मज्जातंतूंच्या आजाराचं मूळ बी१ जीवनसत्त्वाच्या अभावात आहे, हे त्या धाग्यावरूनच पुढे उलगडलं. १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता 'पारंपरिक'. इथे लोक हमखास घसरतात. परंपरेतला पदार्थ तेवढा उचलतात आणि तो करायची रीत सोडून देतात. मक्याचं उदाहरण घ्या. मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळत आले. कोलंबसानंतर मका युरोपात गेला. दाणा जहाजात चढला, चुना किनाऱ्यावरच राहिला. पुढे जिथे गरीब माणसाचं पोट जवळजवळ मक्यावरच होतं, तिथे पेलाग्रा हा आजार पसरला: कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं. अमेरिकेत डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास हा संसर्ग नसून आहाराचा दोष आहे हे दाखवलं, आणि १९३७ मध्ये नायसिन (बी३ जीवनसत्त्व) हे उत्तर सापडलं. मक्यात नायसिन असतं, पण ते बांधलेलं असतं. चुन्याचं पाणी ते मोकळं करतं.

म्हणून मला परंपरेतल्या पदार्थांपेक्षा भिजवणं, मोड आणणं, आंबवणं या कामांबद्दल जास्त आदर आहे. धान्या-कडधान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, या कामांनी ते कमी होतं. राजमा रात्रभर भिजवलात की सकाळी पाण्यावर फेसाचा पातळ थर दिसेल. ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. कच्चट राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन उलट्या-जुलाब करवतं, नुसत्या मंद आचेवर ते मरत नाही.

परंपरेत सगळंच सोनं मात्र नाही. खारवणं आणि धुरावणं हे अन्न टिकवायचे उपाय होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि खारवलेल्या पदार्थांनी ती हद्द बघता बघता ओलांडते. शिवाय जुना आहार दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांचा होता. खुर्चीत बसून तेवढंच तूप-गूळ खाल्लं तर हिशोब चुकणारच.

'हंगामी'बद्दल मी तुमच्यापेक्षा थोडा थंड आहे. हंगामातली भाजी ताजी, स्वस्त आणि चवीची असते, म्हणून आपण ती जास्त खातो. मोठा फायदा तोच. पालेभाजीतलं सी जीवनसत्त्व तोडल्यापासून घटायला लागतं, हे खरं. पण तोडल्या तोडल्या गोठवलेला मटार चार दिवस पडून राहिलेल्या 'ताज्या' मटारापेक्षा सरस ठरू शकतो. फ्रीझरचा उगाच अपराध वाटून घेऊ नका.

वजनाचंही विचारलंयत. केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाचा २०१९ मधला अमेरिकेतला प्रयोग मला पटतो. २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात बनवलेलं, पाकिटातलं) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढ्यात वाढलेल्या उष्मांकांचं, साखरेचं, तंतूंचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसं थोडी, काळ छोटा, तरी चघळावं लागणारं अन्न हात आखडायला लावतं हा माझाही अनुभव. संत्र्याचा रस मी दोन घोटांत संपवतो, तीन संत्री सोलून खायला मात्र कंटाळतो.

थकव्याचं मात्र आहारावर ढकलू नका, आधी रक्त तपासून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल (पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व त्याच्या आड येतं), तर ताटात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

सुरुवात म्हणाल तर एका जेवणातलं एकच धान्य बदला आणि महिनाभर तसंच ठेवा. कडधान्य पहिल्या आठवड्यात दोन चमचे, मग हळूहळू वाढवा, सोबत पाणीही. आणि अख्ख्या दाण्याचं पीठ थोडं थोडंच आणा, फ्रीजमध्ये ठेवा.