मेलेल्यांच्या राज्यातून बाहेर कसं पडायचं?

प्रश्न: मी एक फॅन्टसी कादंबरी लिहितोय. नायिका मेलेल्या भावाला परत आणायला मृतांच्या राज्यात जाते. आत जायचं सगळं मस्त जमलंय, नदी, पहारेकरी वगैरे, पण बाहेर काढताना गाडी अडलीय. अकरा नियम केलेत (मागे बघायचं नाही, तिथलं खायचं नाही, कोणाचं नाव घ्यायचं नाही...) आणि तरी मित्र म्हणतो की शेवटी ती मंत्र म्हणून सुटतेच ना, मग एवढे नियम कशाला? नियम किती असावेत?

उत्तर: अकरा?! अहो वाचक पाठांतर करायला बसलेला नाही. एक ठेवा, फार तर दोन.

ग्रीक पुराणात मेलेल्या बायकोला आणायला गेलेल्या ऑर्फियसला एकच अट होती, उजेडात पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. ऐकायला किरकोळ, पण बायकोशिवाय राहवत नाही म्हणून जो पाताळात उतरला त्यालाच सांगितलंय की तिच्याकडे बघू नको. म्हणजे ज्या ओढीने आत नेलं तीच बाहेर येताना घात करते, आणि तेही अगदी काठाशी आल्यावर. नियम असा हवा.

जपानच्या 'कोजिकी' या जुन्या पुराणकथांच्या ग्रंथात (इ.स. 712) इझानागी हा देव मेलेल्या बायकोला आणायला जातो. ती तिथलं अन्न आधीच जेवून बसलीय, तरी म्हणते आत विचारून येते, तोवर मला बघू नकोस. हा अंधारात थांबतो, थांबतो, आणि मग केसांत खोचलेल्या फणीचा एक दात मोडून पेटवतो. दिसतात ते तिच्या अंगावर वळवळणारे किडे. नियम मोडायला लागलं काय, तर फणीचा दात! तुमच्या मंत्राजागी असं काहीतरी हातातलं शोधा.

दुसरं म्हणजे हिशोब. ते राज्य फुकट कोणाला सोडत नाही. प्राचीन सुमेरची (आजचा दक्षिण इराक) देवी इनान्ना पाताळात जाताना सात दारांवर एकेक दागिना, वस्त्र उतरवत जाते आणि निघताना अट पडते की तुझ्या जागी कोणीतरी दे. ती वर येऊन बघते तर नवरा दुमुझी शोक करायचं सोडून नटूनथटून सिंहासनावर! मग काय, न्या ह्यालाच. (मला हा प्रसंग भयंकर आवडतो.) महाभारतातला रुरू त्यामानाने गरीब, त्याची होणारी बायको प्रमद्वरा लग्नाआधी साप चावून मरते तर हा स्वतःचं अर्धं आयुष्य देऊन टाकतो.

आणि शब्दांनीच सोडवायचं असेल तर सावित्रीसारखं. यम म्हणतो ह्याचे प्राण सोडून काहीही माग, ती सत्यवानापासून शंभर मुलगे मागते, तो तथास्तु म्हणून बसतो. आपल्याला फसवल्यासारखं वाटत नाही कारण अट आपल्यासमोर बोलली गेलेली असते. तुमचा मंत्र मात्र शेवटच्या पानावर उगवतो, त्यामुळे मित्राचं बरोबर आहे.

तुमच्या यादीतला नाव न घेण्याचा नियम मला सगळ्यात चांगला वाटला. गर्दीत भावाचा हात सुटलाय, तो भलत्याच वाटेला लागलाय, एक हाक मारली की वळेल, आणि हीच हाक मारायची नाही. हा प्रसंग आधी लिहून काढा, बाकीचे दहा लागतात का ते मग बघू.