पंपाला उचकी लागते तेव्हा

प्रश्न : घराला बोअरचं पाणी आहे. गच्चीवर टाकी नाही. सबमर्सिबल पंपाचं पाणी प्रेशर टँकमध्ये येतं आणि तिथून नळांना जातं. महिनाभरापासून नळ सोडला की पंप सारखा चालू-बंद होतो. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, नवा टाका. टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. ही चूक मी स्वतः करून बसलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा अगदी अशाच तक्रारीवरून एका घरचा पंप मी बाहेर काढला. दोन माणसं लावून दिवसभर पाइप ओढला, नवा पंप सोडला, हात धुतले. संध्याकाळी फोन आला, नवाही तसंच करतोय. परत गेलो तर घरातल्या आजींनी विचारलं, "ती कोपऱ्यातली निळी टाकी कशासाठी असते हो?" त्या टाकीकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोष तिच्यातच, म्हणजे प्रेशर टँकमध्येच होता.

पाणी दाबून लहान होत नाही, हवा मात्र लहान होते. प्रेशर टँकच्या पोटात रबराची पिशवी किंवा पडदा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पंप पाणी भरतो तशी हवा आवळली जाते. नळ उघडला की तीच हवा पसरते आणि पाणी ढकलते, म्हणून पेलाभर पाण्यासाठी पंपाला उठावं लागत नाही. प्रेशर स्विच साधारण 30 पौंड दाबाला (चाकाच्या हवेचं माप तेच) पंप चालू करतो आणि 50 ला बंद. काही घरांत 20-40 किंवा 40-60 असतं. 30-50 च्या सेटिंगवर 80 लिटरची धडधाकट टाकी पंप न लागता 23-24 लिटर पाणी देते. हवा निघून गेली की हा साठा पेलाभरावर येतो. मग नळ सोडताच दाब धाडकन उतरतो, पंप सुरू होतो, चार सेकंदांत दाब 50 ला पोचतो, पंप बंद. याला आम्ही उचकी म्हणतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे उचक्या खाऊन मोटर मरते ती खरीच. पण तो शेवटचा अंक झाला, दुखण्याचं मूळ टाकीत आहे.

तपासणी तुम्हीही करू शकता. आधी टाकीवर बोटाच्या पेराने वरून खाली टकटक करत या. चांगल्या टाकीत पोकळ आवाज एका जागी बदलून भरीव होतो. पार वरपासूनच भरीव लागला, तर टाकी पाण्याने गच्च आहे. मग पंपाची वीज मेन स्विचवरून बंद करा, जवळचा नळ उघडा आणि प्रेशरचा काटा शून्यावर येऊ द्या. टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याचं झाकण काढून मधली पिन नखाने क्षणभर दाबा. फुस्स करून हवा आली तर चाकाच्या गेजने मोजा. पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा ती 2 पौंड कमी हवी, म्हणजे 30-50 च्या स्विचला 28. कमी असेल तर साध्या हवेच्या पंपाने भरा. पिनेतून पाण्याची चिळकांडी उडाली तर मात्र रबर फाटलंय. अशा वेळी टाकी बदलायची, पंप नाही. टाकीत पाणी असताना हवा मोजू नका, आकडा फसवा येतो.

एक उरलं. नळ सगळे बंद असताना, मध्यरात्री, पंप आपोआप उठतो का? उठत असेल तर गळती आहे. टाकीनंतरचा घराकडे जाणारा कॉक बंद करा आणि काट्याकडे बघत बसा. काटा जागेवर राहिला तर गळती घरात आहे, आणि दहातल्या आठ वेळा ती फ्लशच्या टाकीत सापडते. कॉक बंद असूनही काटा उतरत राहिला तर पाणी उलट बोअरमध्ये चाललंय, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसत नाही किंवा जमिनीखालचा पाइप गळतोय.

प्रश्न : गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबरने तिथे बूच मारून देतो म्हटलं. मारू द्यावं का?

उत्तर : मुळीच नाही. त्या प्लंबरला चहा पाजा आणि घरी पाठवा.

ठिबकतं कधी, एवढंच बघा. गिझर तापत असताना ठिबकून नंतर थांबत असेल तर तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि आपलं काम करतोय. 20 अंशांचं पाणी 60 ला नेलं की दीडेक टक्का फुगतं. 25 लिटरच्या गिझरमध्ये हे साधारण 375 मिलिलिटर झालं, दोन कप म्हणा. येणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर हे जास्तीचं पाणी गुपचूप मागे सरकतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तो असेल तर मागची वाट बंद, मग सेफ्टी व्हॉल्व्हच थोडं बाहेर टाकतो. खाली छोटी नळी लावून ती गटाराच्या जाळीपर्यंत न्या. ती नळी कुठेही बंद करू नका.

गिझर थंड असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षाराचा खडा अडकलाय, नाहीतर घरात येणारा दाबच जास्त आहे. व्हॉल्व्ह बदला. बूच मारलं आणि पुढे कधी थर्मोस्टॅट चिकटला, तर बंद भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जातं. मग टाकी फुटते त्या क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा मागते. अशा गिझरने छत फोडल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

प्रश्न : आमच्या घरात बॉयलरचं गरम पाणी भिंतीवरच्या रेडिएटरांमधून फिरतं. एका खोलीतला रेडिएटर खाली गरम आणि वर गार आहे, दुसऱ्या खोलीत बरोबर उलट. हे काय गौडबंगाल?

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. वर गार म्हणजे वरच्या भागात हवा साचलीय, पाणी तिथे पोचतच नाही. बॉयलर बंद करा, रेडिएटर गार होऊ द्या, मग वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चावीने अर्धा फेरा सैल करा. खाली फडकं धरा. आधी हिस्स आवाज येईल, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. सलग धार लागली की आवळा. नंतर बॉयलरचा दाबाचा काटा बघायचा राहतो, आणि तो सगळेच विसरतात. गार असताना 1 ते 1.5 बार हवा. कमी असेल तर भरण्याच्या कॉकने थोडं पाणी घ्या.

खाली गार म्हणजे तळाशी गाळ. लोखंड आतून गंजून काळी बारीक भुकटी बसते, ती लोहचुंबकाला चिकटते. स्क्रूमधून आलेलं पाणी शाईसारखं काळं असेल तर खात्रीच. याला रेडिएटर काढून धुणं किंवा पूर्ण यंत्रणा फ्लश करणं, हाच उपाय. नुसती हवा काढत बसून काही होणार नाही.

आणि हो, दर दोन आठवड्यांनी पाणी भरावं लागत असेल तर बॉयलरच्या आत किंवा शेजारी एक गोल चपटा डबा असतो, तो तपासून घ्या. वरच्या पत्रातल्या निळ्या टाकीचा हा धाकटा भाऊ. यातही रबर, यातही हवा, आणि मरतोही तो तसाच.

प्रश्न : विहिरीचं पाणी आहे. काही दिवसांपासून आंघोळीच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. विहीर उपसायची का?

उत्तर : आधी दोन पेले घ्या. एकात गार पाणी, एकात गरम, आणि दोन्ही अंगणात नेऊन हुंगा. न्हाणीघरात हुंगू नका. तिथे जाळीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी आटलं असेल तर वास गटारातून येतो आणि दोष विहिरीवर जातो. शिवाय या वायूला, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडला, नाक फार लवकर सरावतं. म्हणून बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला हुंगायला लावा.

वास फक्त गरम पाण्याला असेल तर विहिरीला हात लावायचं कारण नाही. गिझरच्या टाकीत गंज रोखायला मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. पाण्यात सल्फेट आणि त्यावर जगणारे जिवाणू असले, तर या कांडीच्या संगतीत त्यांचं चांगलं फावतं, विशेषतः गिझर दिवसेंदिवस कोमट किंवा बंद पडून असेल तेव्हा. गिझर काही तास 65-70 अंशांवर ठेवा आणि मग ते पाणी सोडून द्या. त्या काळात नळाखाली कुणाला, खासकरून मुलांना, हात घालू देऊ नका, त्वचा क्षणात भाजते. वास परत आला तर कांडी बदलून ॲल्युमिनियम-जस्ताची बसवा. कांडी काढून तशीच जागा बंद करणारे महाभाग भेटतात. वास जातो खरा, पण मागोमाग टाकीही जाते.

दोन्ही पेल्यांना वास असेल तर मामला विहिरीचा. तेव्हा उपसण्याच्या आधी पाणी प्रयोगशाळेत द्या. वासाचं निमित्त नसलं तरी खासगी विहिरीच्या पाण्यातले कोलिफॉर्म जिवाणू (मैला मिसळल्याची शंका दाखवणारे) आणि नायट्रेट वर्षातून एकदा तपासायलाच हवेत; दोन्हींना ना रंग, ना वास. उकळल्याने जिवाणू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाटच होतं.

प्रश्न : विहिरीतला पंप काठावर आणून बसवला. उन्हाळ्यात पाणी 9 मीटर खाली गेलं, तेव्हापासून पंप फिरतो पण पाणी नाही. जास्त एचपीचा घेऊ?

उत्तर : एचपी वाढवून उपयोग नाही. पंप पाणी वर ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपमधली हवा काढतो. पाणी वर चढवतं ते बाहेरच्या वातावरणाचं वजन. ते वजन समुद्रसपाटीला पाण्याचा जेमतेम 10.3 मीटरचा खांब पेलतं. इटलीच्या टोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने 1643 मध्ये हेच पाऱ्यावर दाखवलं, तिथे खांब 76 सेंटिमीटरचा भरला. प्रत्यक्षात घर्षण आणि बारीकसारीक गळती धरून 7 मीटरच्या आसपास गाडी अडते, उंचावरच्या गावांत त्याच्याही आधी. तेव्हा पंप पुन्हा खाली न्या, किंवा सबमर्सिबल सोडा.

पाणी वर आल्यावरही पंप पकडत नसेल तर फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाचा, पाणी परत खाली जाऊ न देणारा) आणि पाइपचे जोड बघा. ओढणाऱ्या बाजूच्या जोडातून पंप चालू असताना थेंबही गळत नाही, तो हवा आत घेतो, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही. पंप चालू ठेवून प्रत्येक जोडावर दाढीचा फेस लावा. जिथला फेस आत ओढला जाऊन खळगा पडेल, तोच जोड उघडायचा.