सुसंस्कृत माणूस रानटी कधी होतो?

'होतो' कशाला? दोन्ही एकाच घरात नांदतात, असं माझं मत. जर्मनीतलं वायमार घ्या. गटे आणि शिलर या थोर कवींचं गाव. तिथून आठेक किलोमीटरवर एटर्सबर्ग टेकडीवर नाझींनी १९३७ मध्ये छळछावणी उभारली. छावणीला टेकडीचं नाव देण्यावर गावातल्या नाझी संस्कृतिप्रेमींनी हरकत घेतली, कारण टेकडीशी गटेचं नाव जोडलेलं! छावणीला हरकत नव्हती बरं का, फक्त नावाला. मग 'बुखनवाल्ड' हे नाव पडलं. जंगल तोडताना 'गटेचा ओक' म्हणून एक झाड मात्र राखलं.

कुंपणाला लागून पहारेकरी आणि त्यांच्या बायकामुलांसाठी छोटं प्राणिसंग्रहालय होतं. त्यात अस्वलंसुद्धा. आत माणसं उपाशी. सुमारे ५६,००० जण तिथे मेले.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने वायमारच्या नागरिकांना चालवत नेऊन हे सगळं दाखवलं. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, असं अनेकांनी सांगितलं. छावणीतले कैदी तर त्यांच्याच गावातल्या शस्त्रांच्या कारखान्यात राबत होते.