हावूरा नंतर, आधी परात धरा

शालोम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लग्न होऊन ठाण्यात आलात, वय २९, आणि आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजाच्या सिनेगॉगच्या (प्रार्थनास्थळाच्या) समितीत 'तरुणांच्या वतीने' या म्हणून बोलावणं आलंय. न्यूजर्सीतल्या मावसबहिणीच्या सिनेगॉगमध्ये पंधरा-वीस समित्या आहेत, शिवाय आठ-दहा घरांचे छोटे गट आहेत, त्यांना हावूरा म्हणतात. तसं इथे काढता येईल का, आणि समितीत जावं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी २४ वर्षं या कामात आहे. पहिली ९ स्वयंपाकघरात गेली, मग समितीवर, त्यातली ६ सेक्रेटरी म्हणून. कुठल्या सिनेगॉगमध्ये ते सांगत नाही, पुढे थोडी उणीदुणी येणार आहेत.

हावूरा तिकडे का निघाला ते आधी बघा. १९६८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये काही तरुणांनी हावुरात शालोम काढला, तो मोठ्या सिनेगॉगला कंटाळून. मग १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात एन्सिनोच्या रब्बाय (धर्मगुरू) हॅरॉल्ड शुल्वाईस यांनी तीच कल्पना सिनेगॉगच्या आत आणली: थोड्या थोड्या कुटुंबांचे गट, एकमेकांच्या घरी शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा पवित्र दिवस), सण, आजारपणात धावून जाणं. त्यांचं दुखणं असं होतं की सिनेगॉग अवाढव्य, शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते वर्षानुवर्षं कळायचं नाही. त्या दुखण्यावर ते औषध बरोबर होतं.

आपल्याला तो आजार कधी नव्हताच. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. कोणाच्या मेहंदीला कोणाला बोलावणं गेलं नव्हतं ते तीस वर्षांनीही तोंडपाठ असतं. त्यात माणसं थोडी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू म्हणून नोंद पाच हजारांच्या आत आहे, आणि त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. अशा ठिकाणी 'ओळखी वाढवण्यासाठी' गट काढला तर लोक मनात म्हणतात, ओळखी आहेत तेवढ्याच पुरेत.

हे मी अनुभवाने सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही एक स्नेहमंडळ काढलं होतं. महिन्यातून एक रविवार, तंबोला, खाणंपिणं, मुलांसाठी हिब्रू अक्षरांचे खेळ. पहिल्या वेळी हॉल भरला. तिसऱ्या वेळी तीच चार घरं उरली, ती अशीही एकमेकांकडे जेवायला जाणारी. पाचव्या वेळी वडापावचे पैसे कोणी द्यायचे यावरून बोलाचाली झाली आणि मंडळ बंद पडलं. गंमत म्हणजे कोणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. आम्ही भेटलो नाही म्हणून कोणाचं काही अडतच नव्हतं.

त्याच काळात आमचं मलिद्याचं, म्हणजे आभाराच्या ताटाच्या विधीचं, टोळकं मात्र एकदाही मोडलं नाही. त्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, व्हॉट्सॲपवर गटसुद्धा फार उशिरा आला. पण कोणाचं लग्न ठरलं, नवस फिटला, मूल दुखण्यातून उठलं की मलिदा होणार, आणि मलिदा म्हटला की काम. पोहे निवडून भिजवायचे, दहा-बारा नारळ खवायचे, साखर, वेलची, बदाम-पिस्ते घालून परात भरायची. मग फळं, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या, सब्जाची डहाळी. ताट एलियाहू हानबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने वर उचललं जातं तेव्हा ते भरगच्च दिसायला हवं. सगळ्या फळांची ब्राखा, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना, एक नसते, झाडावरच्याची वेगळी, जमिनीतल्याची वेगळी, म्हणून फळ निवडणारीलाही थोडं ठाऊक असावं लागतं. नवीन मुलीला हे कोणी शिकवणी घेऊन शिकवत नाही. ती केळी धुताना ऐकते आणि शिकते.

या टोळक्यात एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन आंटी होत्या. जमिनीचा जुना वाद, पेणकडचा. पण एकीचा हात खोबऱ्यावर चालायचा आणि दुसरीला साखरेचा अंदाज अचूक. वीस वर्षं त्या एका परातीवर बसल्या, बोलल्या फक्त 'अजून घाल' आणि 'पुरे'. तंबोल्याने त्यांना एका खोलीत आणलं नसतं. गट काढायचा असेल तर या दोघींना डोळ्यांसमोर ठेवून काढा. तुम्ही आला नाहीत तर कोणाचं तरी अडेल, असं काम त्याला हवं.

दुसरं टोळकं पुरुषांचं, मिन्यानचं आणि मयतीचं. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, म्हणजे मिन्यान, जमले नाहीत तर कद्दीश, मयताच्या घरच्यांनी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही, आणि आपल्याकडे दफन शक्यतो त्याच दिवशी. म्हणजे फोन सकाळी सातला येतो आणि दुपारपर्यंत डॉक्टरचा दाखला, महापालिकेचा कागद, कफन, अंघोळ घालणारी माणसं, कबर खोदणारे, प्रार्थना म्हणणारा हझान, सगळं उभं राहावं लागतं. बाईला अंघोळ बायकाच घालतात, त्यामुळे आमच्यातल्या तिघी-चौघी त्यात असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हात थरथरत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला फक्त तांब्या भरून द्यायचं काम दिलं, बाकी काही बोलल्या नाहीत. पुढे मी नव्या मुलींना तेच काम देत गेले.

मग सात दिवस त्या घरी संध्याकाळी माणसं लागतात. एका पावसाळ्यात कल्याणला असं घर होतं. लोकल ठप्प, नऊ जण जमलेले, दहाव्याचा पत्ता नाही. विधवा बाई सारखी दाराकडे बघत होती. आठ वाजून गेल्यावर डोंबिवलीचा एक मुलगा गुडघ्यापर्यंत चिखलात आला, ठाकुर्लीकडून रुळांवरून चालत. त्याला हिब्रू वाचता यायचं नाही, देवनागरीत छापलेलं पुस्तक घेऊन उभा राहिला आणि 'आमेन' म्हणाला. पुढच्या निवडणुकीत तो समितीवर आला. त्याच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही.

आता समितीकडे येते. समिती हा गट नव्हे, ही गोष्ट नवीन आलेल्यांना उशिरा कळते. जुन्या पद्धतीत मुकादम असायचा, त्याच्या मदतीला चौगुले, पैशाला गबाई, प्रार्थनेला हझान आणि देखरेखीला शमाश. बघा, मुकादम आणि चौगुला हे शब्द आपण कोकणातल्या गावगाड्यातूनच उचलले. गावात पाटलाचा चौगुला, तसा आपल्यात मुकादमाचा. मुंबईतली जुनी मशीद (आपल्या सिनेगॉगलाच तेव्हा मशीद म्हणत) १७९६ ची, जिच्यावरून मशीद स्टेशन आजही ओळखलं जातं, ती सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधली. टिपूच्या कैदेतून सुटून आल्याचा नवस म्हणून, असं आपल्या घराघरांत सांगतात. एका माणसाने बांधायचं आणि पुढे सगळ्यांनी सांभाळायचं. सांभाळण्याचा भाग मात्र आता फार किचकट झालाय.

आज सिनेगॉग म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब तपासून दाखल करावे लागतात. आमच्याकडे एकदा तीन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट कपाटातच राहिले होते. कोणाची लबाडी नव्हती, 'पुढच्या आठवड्यात बघू' असं म्हणता म्हणता सहा-सात वर्षं उलटली. मग छपरासाठी बँकेतून ठेव मोडायची वेळ आली, तर कागदावरच्या विश्वस्तांपैकी एक वारलेले, दोघे इस्राएलला स्थायिक. पावसाळा छपराखाली बादल्या ठेवून काढला. समितीत जाणार असाल तर पहिल्याच बैठकीत शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा मागा आणि त्यावर कोणाची नावं आहेत ते बघा. लोक नाक मुरडतील. मुरडू द्या.

दुसरी खबरदारी त्याहून मोठी. तुमच्या वयाच्या कोणाला तरी हमखास सुचतं की अश्दोद, लोद, दिमोनाला आपले एवढे नातेवाईक आहेत, त्यांच्याकडून रंगकामासाठी पैसे मागवू. थांबा. काका तुमचे सख्खे असले, घरी मराठी बोलत असले, तरी पासपोर्ट इस्राएलचा असेल तर कायद्याने ते परदेशी. २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या, कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेने तो पैसा घेणं गुन्हा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असली तरी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी उतरला पाहिजे. काका सुट्टीत येऊन गबाईच्या हातात नोटा ठेवतात, तेही त्यातच येतं. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्या मुलाने नेहमीच्या मार्गाने बँकेतून पाठवलं तर गोष्ट वेगळी. हे सांगितलं की आपली माणसं दुखावतात, 'आम्ही परके झालो का' म्हणतात. मी त्यांना चहा देते आणि सांगते, परके तुम्ही नाही, तुमचं पाकीट आहे.

शब्बाथच्या पैशाचंही असंच. हेखाल (पोथ्यांचं पवित्र कपाट) उघडण्याचा, सेफर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) नेण्याचा मान बोलीवर जातो, पण त्या दिवशी लिहायचं नाही, पैशाला शिवायचं नाही. म्हणजे कोणी किती बोललं ते कोणाच्या तरी डोक्यात राहिलं पाहिजे. सण संपला की रविवारी लगेच पावत्या फाडा. महिना गेला तर बोललेला आकडा बोलणाऱ्याच्या मनात उतरतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात चढतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. समितीला आत्ता नाही म्हणा, पण तोंडावर नाही. 'एक वर्ष काम करते, मग विचारा' एवढं सांगा. 'तरुणांच्या वतीने' हे पद असं असतं की तुम्हाला पोस्टर रंगवायला देतात आणि सही करायची वेळ आली की ज्येष्ठ बघतात. शिवाय नवी सून म्हणून तुमच्या प्रत्येक वाक्यामागे सासरचं घर शोधलं जाईल. तुम्ही पंख्याबद्दल बोलाल, लोक ऐकतील तुमच्या सासऱ्यांचं बोलणं. वर्षभर हातानं काम केलंत की लोक तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारू लागतात, तेव्हा तिथे बसण्यात अर्थ आहे.

हावूराचं नाव काही दिवस कपाटात ठेवा, पण कल्पना टाकू नका. ठाण्यात तुम्हाला हवी ती पोकळी आहे. तिथलं शाअर हाशामाइम १८७९ चं, आणि आता वस्तीचा जोर त्याच बाजूला आहे, पण माणसं कळवा, डोंबिवली, कल्याण अशी पांगलेली. एकेकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच, मुलं इस्राएलमध्ये. त्यांना शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशचं (शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेचं) मनुकांचं शरबत आणि दोन पोळ्या कोणी नेऊन दिल्या, तर? चार घरांनी वाटून घ्यायचं, प्रत्येकाकडे दोन म्हातारे, सूर्यास्ताच्या आत पोचायचं. बैठक नाही, वर्गणी नाही. सहा महिने हे टिकलं तर ती चार घरं आपोआप एकमेकांच्या घरी जेवू लागतील. तेव्हा मावसबहिणीला फोन करून सांगा की हावूरा निघाला.

एक कानमंत्र: त्या चार घरांत तुमच्या खास मैत्रिणीचं घर एकच असू दे. बाकी तीन अशी निवडा की तुमच्या सासूबाई विचारतील, 'त्यांच्याबरोबर?'

आणि मधल्या काळात नव्याच्या सणाची, म्हणजे आपल्या नववर्षाची, वाट बघू नका, त्याच्या आधीच्या आठवड्यात सिनेगॉगच्या स्वयंपाकघरात जा. चीकचा हलवा असतो. गहू तीन दिवस भिजत घातलेले असतात, मग चीक काढायचा, नारळाचं दूध घालून तासन्‌तास ढवळायचा, आणि ढवळणारे हात नेहमीच कमी पडतात. पहिल्या वर्षी उलथनं तुमच्या हातात कोणी देणार नाही, नारळ खवायला बसवतील. खवणी घरून न्या. तिथली बोथट आहे, चार वर्षं समितीच्या अजेंड्यावर आहे.